शेवटच्या रांगेसाठी तीन तारा

१९२० च्या दशकातली दक्षिणेतली एक लग्नाची कचेरी डोळ्यांसमोर आणा. (दक्षिणेत शास्त्रीय गाण्याच्या मैफलीला कचेरीच म्हणतात. आपल्या मनात या शब्दाबरोबर येणारी फायलींची कपाटं बाजूला ठेवावी लागतात.) नारळाच्या झावळ्यांचा मांडव, चारही बाजू मोकळ्या. पुढे जाणकार, त्यांच्या मागे पाहुणे, त्याही मागे गावातली उभी गर्दी. मध्ये गायक, एका बाजूला मृदंगम, दुसऱ्या बाजूला व्हायोलिन. ध्वनिक्षेपक कुठेच नाही. गायकाचा आवाज खणखणीत असेल तर मागे पोचतो. मृदंगम तर पोचतोच. व्हायोलिनवाल्याचा हात हलताना दिसतो, पण मागच्या माणसाच्या कानापर्यंत काही येत नाही.

व्हायोलिनवादक तिरुमकूडलु चौडय्या यांच्यापुढे हीच अडचण होती. १९२७ च्या सुमारास त्यांनी त्यावर जो उपाय काढला, तो कर्नाटक संगीतात पुढे दंतकथेसारखा सांगितला गेला. त्यांनी व्हायोलिनच्या चार तारांच्या सात केल्या. या लेखात त्या एकाच निर्णयाची उलटतपासणी करायची आहे. अडचण नेमकी काय होती, दुसरे मार्ग कोणते होते, हाती काय लागलं, आणि माइक आल्यावर त्या सात तारांचं पुढे काय झालं, एवढंच पाहायचं आहे. मी स्वतः गेली बरीच वर्षं बंगळूरला राहतो आणि हौसेने व्हायोलिन शिकतो. त्यामुळे यातल्या काही गोष्टी कानाने कळल्या, तर काही बोटं दुखल्यावर कळल्या.

माणूस

म्हैसूरजवळ टी. नरसीपूर म्हणून गाव आहे. तिथे कावेरी आणि कपिला यांचा संगम होतो. त्या संगमावरचं तिरुमकूडलु हे चौडय्यांचं गाव. जन्म १८९५ चा, घर शेतकऱ्याचं. पंधराव्या वर्षाच्या सुमारास म्हणजे १९१० मध्ये ते म्हैसूरला बिडारम कृष्णप्पांच्या हाताखाली शिकायला गेले. कृष्णप्पा मोठे गायक आणि शिस्तीचे कडक. व्हायोलिन शिकायला आलेल्या मुलाचा गुरू गवई असणं, हा योगायोग या प्रकरणात मोलाचा आहे. वाद्याने गाण्याच्या मागे कसं जायचं, गायक श्वास घेतो तेव्हा काय करायचं, कुठे गप्प बसायचं, हे चौडय्या गाणाऱ्याच्या शेजारी बसून शिकले.

त्या काळचं म्हैसूर म्हणजे वाद्यांचं मोकळं दालन होतं. म्हैसूरचे महाराज चौथे कृष्णराज वडियार स्वतः व्हायोलिनसह अनेक वाद्यं वाजवत. राजवाड्यात पाश्चात्त्य वाद्यवृंद होता. दरबारात वीणा शेषण्णा आणि वासुदेवाचार्य यांच्यासारखे विद्वान होते. परकं वाद्य उघडून पाहायचं, त्यात फेरफार करायचे, याचं त्या शहरात कुणाला नवल नव्हतं. तंजावरच्या किंवा कुंभकोणमच्या एखाद्या घरात चौडय्यांनी हा उद्योग केला असता, तर त्यांना किती त्रास झाला असता असं माझ्या मनात येतं.

कन्नडमध्ये आजही जुनी माणसं त्यांना ‘पिटीलु चौडय्या’ म्हणतात. ‘फिडल’ हा शब्द त्या मातीत मुरून पिटीलु झाला.

अडचण नेमकी काय

कर्नाटक संगीतात व्हायोलिन आलं ते एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी. थोर रचनाकार मुत्तुस्वामी दीक्षितरांचे धाकटे भाऊ बालुस्वामी दीक्षितर ते शिकले. तंजावरच्या चार भावांपैकी वडिवेलु यांनी ते त्रावणकोरला महाराज स्वाती तिरुनाळ यांच्या दरबारात नेलं. पुढे गळ्यातली प्रत्येक हरकत त्याच्यावर उतरू लागली आणि ते ‘पक्कवाद्य’ झालं, म्हणजे गायकाच्या बाजूला बसणारं वाद्य.

हे बाजूचं बसणं बाहेरून वाटतं तितकं दुय्यम नाही. रागालापनेत गायक एक वाक्य घेतो आणि व्हायोलिन त्याच्या अर्धा श्वास मागून तेच वाक्य घेतं. गायक थांबला की व्हायोलिन शेवटचा स्वर धरून ठेवतं, म्हणजे दुसरा श्वास घेईपर्यंत राग खाली पडत नाही. मग व्हायोलिनला स्वतंत्र आलापन मिळतं. निरवल (गीताच्या एकाच ओळीचा रागातून केलेला विस्तार) आणि कल्पनास्वरांत (आयत्या वेळी सुचणाऱ्या सरगमांत) गायकाच्या प्रत्येक आवर्तनाला उत्तर द्यायचं असतं. आता हे सगळं मांडवातल्या मागच्या श्रोत्याच्या जागेवरून ऐका. गायक गातो आणि थांबतो, त्यानंतर शांतता पसरते. मृदंगम पाच मिनिटं नुसता ठेका धरतोय असं वाटतं, कारण ज्या निरवलला किंवा स्वरांना तो साथ देतोय ते ऐकूच येत नाहीत. मैफलीतला निम्मा संवाद गळून पडतो. हा प्रश्न व्हायोलिनवाल्याच्या मानापमानाचा नव्हता, कचेरीच्या बांधणीलाच भोक पडत होतं.

व्हायोलिन तसं दुबळं वाद्य नाही. युरोपात ते मोठ्या सभागृहात पोचतं. पण तिथे ते दगडी किंवा लाकडी भिंतींमध्ये वाजतं आणि त्याच्या तारा चढ्या सुरात ताणलेल्या असतात. कर्नाटक पद्धतीत षड्ज-पंचम-षड्ज-पंचम असं जुळवताना गायकाच्या श्रुतीला, म्हणजे त्याने धरलेल्या षड्जाला, मान द्यावा लागतो. पुरुष गायकासाठी तारा बऱ्याच उतरवाव्या लागतात, आणि ताण उतरला की आवाजाची धार जाते. शिवाय वादक मांडी घालून बसतो. वाद्याचं डोकं उजव्या घोट्यावर टेकलेलं, पोट छातीशी. आवाज उंचावरून फेकला जात नाही, जमिनीच्या अंगानेच पसरतो. आणि मांडवाला भिंती नसतात, त्यामुळे परत येणारा आवाजही नाही.

दुसरे मार्ग होते का?

होते, पण त्यातला एकही सरळ नव्हता. गज जोराने दाबला तर आवाज थोडा वाढतो आणि मग फाटतो, तार किंचाळते. वाद्य चढ्या सुरात लावणं शक्य नव्हतं, कारण सूर गायकाचा असतो. स्ट्रो व्हायोलिन नावाचा प्रकार तेव्हा जगात होता. त्याला लाकडी पोटाऐवजी धातूचा कर्णा असतो आणि आवाज मोठा येतो. पण तो कर्ण्यातून आल्यासारखाच येतो. गळ्याची सावली व्हायला बसलेल्या वाद्याने कर्ण्यासारखं बोलून कसं चालेल?

आपल्याकडच्या संगीत नाटकांनाही माइकशिवायच्या त्या दशकांत हाच प्रश्न होता. तिथे तो ऑर्गनने सुटला. भरदार, सलग आवाजाचं वाद्य नटाच्या गळ्यामागे उभं राहिलं आणि शेवटच्या बाकापर्यंत सूर पोचला. कर्नाटक संगीताला ती वाट बंद होती. पट्टीच्या वाद्यातून गमक, म्हणजे स्वराचा हेलकावा, निघत नाही, आणि गमक गेलं की तोडीची तोडी राहत नाही.

उरला एक मार्ग. वाद्य तेच, गज तोच, बोटंही तीच ठेवायची आणि कंप पावणाऱ्या तारा वाढवायच्या. चौडय्यांनी तीन तारांना एकेक जोडीदार दिला.

सात तारा म्हणजे काय काय

हे वाक्य लिहायला सोपं आहे, म्हणून इथे थोडं थांबतो.

जोडतारा आपल्याला परक्या नाहीत. मॅन्डोलिनला असतात, बारा तारांच्या गिटारला असतात. पण ती छेडायची वाद्यं आहेत. नखी दोन्ही तारांवरून सरकते आणि काम होतं. गजाच्या वाद्यात दोन्ही तारांना गजाचा सतत आणि सारखा स्पर्श मिळावा लागतो. जोडीतली एक तार केसभर खाली गेली तर ती गप्प राहते, केसभर वर आली तर तीच एकटी बोलते. व्हायोलिनची घोडी, म्हणजे तारा उचलून धरणारी लाकडी पट्टी, कमानदार असते ती प्रत्येक तार वेगळी वाजवता यावी म्हणून. सात तारांना त्याच कमानीवर चार उंचींवर बसवायचं म्हणजे घोडी नव्याने कोरणं आलं.

मग जागा. तारा जिथून खुंट्यांकडे जातात त्या वरच्या पट्टीची रुंदी जेमतेम चोवीस मिलिमीटर असते. त्यात चारऐवजी सात खाचा. मूळ डोक्यात चारच खुंट्यांची सोय, तिथे आणखी तीन बसवायच्या. पाश्चात्त्य सुरावर लावलेल्या चार तारांचा एकूण ताण वीस किलोच्या वर जातो. दक्षिणेत तो कमी असतो, पण तारा पावणेदोनपट झाल्या की जास्तीचा भार वाद्याच्या पातळ लाकडी पोटावर येतोच. वाद्य फुटू न देता हे पेलायचं होतं.

आणि सुरात लावणं! चार तारांच्या वाद्यावर, दमट हवेत, खुंटी घसरत असताना दोन पंचम जुळवणं काय असतं ते व्हायोलिन शिकणाऱ्या कुणालाही विचारा. इथे सात. त्यात जोडीतल्या दोन तारा एकमेकींशी जुळल्या नाहीत तर स्वरात लहर उठते. ती अगदी थोडी असली तर आवाजाला रुंदी येते, एका माणसाऐवजी दोघं वाजवताहेत असं वाटतं. जास्त झाली की बेसूर. ही रेघ फार बारीक आहे. कचेरी तीन-चार तास चालायची, आणि एकदा गायकाने गाणं सुरू केलं की खुंट्यांशी खेळत बसायला सवड नसे.

डाव्या हाताचं वेगळंच. एका बोटाखाली दोन तारा, त्याही सरकत्या. कर्नाटक व्हायोलिनचा जीव घसरण्यात आहे. बोट ठेवलं आणि उचललं असं होत नाही, ते तारेवरून चालत असतं. दोन तारांवर तो दाब सारखा ठेवत आरभी नाही तर भैरवी वाजवायची. मी घरी एकदा जुन्या वाद्यावर एकच जोडतार बसवून पाहिली. पाच मिनिटांत बोटाच्या टोकाला दोन समांतर रेघा उमटल्या, आणि जो स्वर निघत होता तो ऐकवण्यासारखा नव्हता. त्या दिवसापासून चौडय्यांची ध्वनिमुद्रणं मी वेगळ्या कानाने ऐकतो.

हाती काय लागलं

इथे थोडं गणित करायला हवं, कारण ‘आवाज दुप्पट झाला’ असं सगळीकडे सहज बोललं जातं. तसं होत नाही. सारख्या ताकदीचे दोन ध्वनिस्रोत एकत्र आले तर पातळी साधारण ३ डेसिबलने वाढते. कानाला आवाज दुप्पट वाटण्यासाठी सुमारे १० डेसिबल लागतात. शिवाय इथे दोन तारांना गज एकच, हाताचं बळ एकच, ते वाटलं जाणार. म्हणजे ३ डेसिबल हीसुद्धा वरची मर्यादा धरावी.

मग एवढा खटाटोप कशासाठी? उत्तर मांडवात आहे. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झालं की आवाज ६ डेसिबलने उतरतो. त्या हिशेबाने ३ डेसिबल जास्त मिळाले तर आवाज आधीच्या सुमारे १.४ पट लांब जातो. पूर्वी वीस मीटरवर विरणारं व्हायोलिन आता अठ्ठावीस मीटरपर्यंत टिकतं. आठ मीटर ऐकायला किरकोळ वाटतात. पण श्रोते एका ओळीत उभे नसतात, ते पसरून बसलेले असतात. अंतर १.४ पट झालं की क्षेत्रफळ दुप्पट होतं. तेवढ्याच दाटीत बसलेली दुप्पट माणसं ऐकू लागतात. चौडय्यांनी हे कागदावर मांडलं असेल असं मला अजिबात वाटत नाही. त्यांनी मागच्या रांगेतल्या चेहऱ्यांकडे पाहिलं असणार, आणि ते बदललेले दिसले असणार.

आवाजाची जातही बदलली. उतरलेल्या तारांचा मऊ, थोडा कोंदट स्वर भरला, त्याला पसारा आला. गायक थांबल्यावर जो स्वर धरून ठेवायचा, तो आता खांबासारखा उभा राहू लागला.

याचा खरा कस लागला तो चेंबै वैद्यनाथ भागवतरांच्या शेजारी. चेंबैंचा आवाज उघडा, खुला, देवळाच्या आवारात कुठेही पोचणारा. मृदंगमवर पालघाट मणी अय्यर. या दोघांच्या मध्ये बसून ऐकू येणं हीच परीक्षा होती. चेंबै, चौडय्या, मणी अय्यर हे त्रिकूट पुढे वर्षानुवर्षं गाजलं. १९४३ मध्ये चौडय्यांनी चित्रपटनिर्मितीत उडी घेतली आणि के. हिरण्णय्यांच्या दिग्दर्शनाखाली ‘वाणी’ हा कन्नड चित्रपट काढला, त्यातही या तिघांची कचेरी घातली होती. त्या पिढीच्या व्हायोलिनवादकांत द्वारम वेंकटस्वामी नायडू आणि कुंभकोणम राजमाणिक्कम पिळ्ळै यांच्या बरोबरीने चौडय्यांचं नाव घेतलं जातं. नायडूंना मद्रासच्या म्युझिक अकादमीत संगीत कलानिधी हा मान १९४१ मध्ये मिळाला, पिळ्ळैंना १९४८ मध्ये, चौडय्यांना १९५७ मध्ये.

विरुद्ध बाजू

ती मांडल्याशिवाय हे प्रकरण पुरं होणार नाही. नायडूंनी चारच तारा ठेवल्या. त्यांचा आवाज मोठा नव्हता, पण त्यांचा गज इतका रेशमी होता की श्रोतेच शांत व्हायचे. व्हायोलिनची स्वतंत्र मैफल होऊ शकते हे दाखवणाऱ्यांत ते अग्रभागी होते. म्हणजे ऐकू येण्याचा एक मार्ग असाही होता, बाजूची जागा सोडून मध्ये बसण्याचा. तिथे झाकून टाकायला गायकच नसतो.

दुसरा आक्षेप नाजूकपणाचा. जोडतारांमुळे स्वर भरतो, पण त्याची कड किंचित बोथट होते. अगदी बारीक कंपित गमकात दोन तारा एका क्षणी एका जागी नसतात, निदान माझ्या कानाला तसं वाटतं. राजमाणिक्कम पिळ्ळैंचं वादन आणि चौडय्यांचं वादन पाठोपाठ ऐकलं की पिळ्ळैंकडे नितळपणा जास्त आहे हे मला मान्य करावं लागतं. चौडय्यांकडे घनता आहे. मी चौडय्यांवर प्रेम करतो आणि तरीही हे लिहितो, कारण ही किंमत त्यांनी जाणूनबुजून मोजली असं माझं मत आहे. पहिल्या रांगेच्या वाट्याचं थोडंसं काढून त्यांनी शेवटच्या रांगेला दिलं.

माइक आला

१९२७ च्या डिसेंबरात मद्रासला काँग्रेसचं अधिवेशन भरलं. त्याला जोडून झालेल्या संगीत परिषदेतून पुढच्या वर्षी म्युझिक अकादमी उभी राहिली. तिकीट काढून सभेला (म्हणजे संगीतसंस्थेच्या कचेरीला) येणारा शहरी श्रोता वाढत गेला, आणि १९३० च्या दशकात त्या सभांमध्ये ध्वनिक्षेपक येऊ लागले. ज्या अडचणीसाठी वाद्याची चिरफाड केली, ती दहाएक वर्षांत एका तारेने आणि एका कर्ण्याने सोडवून टाकली. माइकमुळे गाणंच बदललं. फेकीचा आवाज नसलेले, हळुवार गळ्याचे गायकही मोठ्या सभागृहात उभे राहू शकले.

तरी चौडय्यांनी सात तारा ठेवल्या. मला या प्रकरणातलं सगळ्यात बोलकं वळण हेच वाटतं. उपाय ज्यासाठी शोधला ते कारण गेलं, पण तोवर त्यांचा हात त्या वाद्याचा झाला होता. लोक ज्याला चौडय्यांचा आवाज म्हणून ओळखत होते तो सात तारांचाच होता. चार तारांवर परत जाणं म्हणजे दुसऱ्या कुणाच्या आवाजात बोलणं झालं असतं.

मणी अय्यर उलट्या वाटेने गेले. त्यांना माइकने केलेला आवाजाचा बदल पटला नाही, आणि उत्तरायुष्यात त्यांनी माइकशिवायच्या कचेरीचा हट्ट धरला. एकाच मंचावर बसणाऱ्या दोघांपैकी एकाने न पोचणारा आवाज पोचवण्यासाठी वाद्य बदललं. दुसऱ्याचं म्हणणं, श्रोत्यानेच कान बदलावेत.

सात तारांची पुढे परंपरा फारशी झाली नाही. कृष्णप्पांचेच शिष्य आर. आर. केशवमूर्ती बंगळूरला सात तारांचं व्हायोलिन वाजवत आणि शिकवत, पण कर्नाटकाबाहेर ते रुजलं नाही. चौडय्यांच्या शिष्यांपैकी कंददेवी अळगिरिस्वामी यांनी एम. एस. सुब्बुलक्ष्मींची साथ वर्षानुवर्षं केली. तिथे माइक होता, आणि सुब्बुलक्ष्मींच्या श्रुतीला व्हायोलिनच्या तारा मुळातच चढ्या लागतात. गरजच नव्हती. नंतरच्या पिढीत एल. शंकर यांनी दहा तारांचं दुहेरी व्हायोलिन आणलं, पण ते विजेवरचं, आणि त्याचा हेतू स्वरांचा आवाका वाढवण्याचा होता. चौडय्यांच्या प्रश्नाशी त्याचं नातं नाही.

चौडय्या १९ जानेवारी १९६७ ला गेले. चारच दिवसांनी, २३ तारखेला, आजच्या कचेरीला तिची घडण देणारे अरियाकुडी रामानुज अय्यंगार गेले. त्या एका आठवड्यात माइकशिवाय गाणारी-वाजवणारी एक अख्खी पिढी उठून गेल्यासारखं जुन्या रसिकांना वाटलं असेल.

बंगळूरला चौडय्यांच्या नावाचं सभागृह आहे. १९८० मध्ये ते खुलं झालं. के. के. मूर्तींनी ते पिटीलुच्याच आकाराचं बांधून घेतलं आहे, तारा, घोडी, खुंट्या, गज सगळं धरून. मी तिथे शक्यतो मागचं तिकीट काढतो. गेल्या हिवाळ्यात तिथे एका तरुण गायकाची कचेरी होती. सुरुवातीची रचना, वर्णम, संपली, टाळ्या वाजल्या आणि साथीला बसलेल्या मुलीने गज मांडीवर ठेवला. ध्वनियोजना सांभाळणाऱ्या माणसाकडे पाहत तिने एक बोट आधी आपल्या वाद्याकडे केलं आणि मग दोनदा वर उचललं. मागून, आमच्या रांगेतून, दोघातिघांनी लगेच माना डोलावल्या.